दोर कोणाच्या हातात द्यायचा? संस्था, आयोजक, वॉलवरची ओळख, घरचा माणूस की बायकांचाच रोप

सह्याद्रीत चढायचं ठरवलेल्या मुलीला शूज कोणते घ्यावेत, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) कोणता बरा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बिले कोण देणार, म्हणजे आपण चढताना दोर कोण सांभाळणार, हे मात्र बहुतेक वेळा ठरवलं जात नाही. त्या दिवशी जो मोकळा असेल तो देतो. मला हे उलट व्हायला हवं असं वाटतं. शूज पहिलं वर्षभर उसने घेऊन भागतं. बिलेवरचा माणूस आधी पारखून घ्यावा लागतो.

पारखताना मी दोन गोष्टी बघते. एक, या माणसाला दोर, अँकर (दोर खडकाला पक्का बांधण्याची जागा) आणि रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) यांचं काम नीट येतं का. दुसरी, मी ‘थांब’ किंवा ‘नको’ म्हटलं की तो थांबतो का. पहिली गोष्ट सगळेच विचारतात, दुसरी कोणी विचारत नाही. पण कड्यावर ‘स्लॅक दे’, म्हणजे दोर थोडा सैल सोड, असं म्हटल्यावर ‘अगं, तिथून होतंय, चढ’ असं उत्तर देणारा माणूस मुक्कामाच्या गावात तरी तुमचं ‘नको’ कसं ऐकेल? अमेरिकेतल्या क्लाइंबर्सनी पुढाकार घेऊन २०१८ साली एक सर्वेक्षण केलं होतं. पाच हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या जवळपास निम्म्या स्त्रियांनी क्लाइंबिंगच्या निमित्ताने लैंगिक छळाचा काही ना काही अनुभव आल्याचं सांगितलं, आणि पुरुषांपैकीही साधारण सहांत एकाने. हे आपल्याकडचे आकडे नाहीत. पण ज्या खेळात अनोळखी माणसाबरोबर आडगावी मुक्काम होतो आणि मोबाइलला रेंज नसते, त्या खेळात हा प्रश्न आपल्याकडे नसेल असं मानण्याला काही आधार नाही.

संस्था

मुंबईत गिरिविहार १९५४ पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमी १९८२ पासून. ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात एखादी तरी संस्था सापडते. इथला सर्वांत मोठा फायदा म्हणजे माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. कोणी बिलेवर असताना गप्पा मारतो, कोणाचा अँकर सिनियर पुन्हा तपासतात, कोणाबरोबर मुली जायला नाखूश असतात, हे सगळं कोणाला तरी माहीत असतं. नव्या मुलीने ते विचारलं पाहिजे, आणि संस्थेतल्या मुलींनाच विचारलं पाहिजे.

दुसरा फायदा शिकवण्यातल्या शिस्तीचा. आपला खडक बेसॉल्ट. पकड म्हणून हात घातला तर दगडच हातात येतो. मध्ये गवताळ टप्पे असतात आणि खडकात ठोकलेले जुने पिटॉन, बोल्ट गंजलेले असतात. अशा ठिकाणी बिलेयरने कुठे उभं राहायचं, हेही शिकावं लागतं. चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभं राहिलं की सुटलेला दगड थेट डोक्यावर येतो. तैलबैल्याच्या भिंतीसमोर किंवा वानरलिंगीच्या पायथ्याशी या गोष्टी सिनियर ज्या सहजतेने दाखवतात, ती व्हिडिओ पाहून येत नाही.

संस्थेतली अडचण अधिकाराची. दादा म्हणेल तो लीड करणार, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांत पुढे चढणार, दादा म्हणेल ती त्याच्यामागून सेकंड जाणार. काही ठिकाणी मुली वर्षानुवर्षं सेकंड किंवा थर्ड जातात, बेस कॅम्पवरचा हिशोब आणि पोह्यांची व्यवस्था त्यांच्याकडे असते, आणि लीड करण्याची वेळ आली की ‘पुढच्या हंगामात बघू’. म्हणून नाव नोंदवण्याआधी एकच प्रश्न विचारा: गेल्या हंगामात तुमच्याकडे कोणकोणत्या मुलींनी लीड केलं? नावं पटापट आली तर संस्था बरी. ‘आमच्याकडे मुलींना पूर्ण संधी असते’ एवढंच उत्तर आलं, तर पुढे चला. दुसरा प्रश्न तक्रारीचा: एखाद्या सिनियरबद्दल बोलायचं झालं तर कोणाशी? कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाच्या ठिकाणा’च्या व्याख्येत खेळाच्या प्रशिक्षणाच्या जागाही येतात, आणि जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. संस्थेच्या अध्यक्षांना हे माहीत आहे का, तेवढं विचारून बघायला हरकत नाही. या प्रश्नावर कोण रागावतं आणि कोण शांतपणे उत्तर देतं, त्यातूनही बरंच कळतं.

पैसे भरून नेणारे आयोजक

लिंगाणा, वानरलिंगी, ड्यूक्स नोज यांच्या जाहिराती हंगामात रोज दिसतात. इथे तुम्ही जोडीदार निवडत नाही, आयोजक निवडता. दोर आधीच लावलेला असतो, तुम्ही त्यावरून वर जाता आणि रॅपल करून खाली येता. एकदा अनुभव घ्यायचा असेल तर यात काही वाईट नाही, पण याने क्लाइंबिंग येत नाही. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, एका दोरामागे किती माणसं असतात, टीममध्ये बाई आहे का आणि मुक्कामाची सोय कशी, हे चार प्रश्न फोनवरच विचारावेत. मुक्कामाबद्दल ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

वॉलवरची ओळख

वॉल म्हणजे चढण्याच्या सरावासाठी बांधलेली कृत्रिम भिंत. शहरातल्या मुलींना जोडीदार मिळण्याची ही आता सर्वांत सोपी वाट. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर भेट होते, उजेड असतो, आजूबाजूला माणसं असतात, नाही पटलं तर रिक्षा करून घरी जाता येतं. एखाद्या माणसाची पारख करायला यापेक्षा सुरक्षित जागा नाही, आणि माझ्या हिशोबात हा गुण फार मोठा आहे.

पण दोन गोष्टी डोळ्यांआड होतात. एक, बऱ्याच नव्या वॉल फक्त बोल्डरिंगच्या आहेत. तिथे दोरच नसतो, खाली गाद्या असतात. अवघड प्रॉब्लेम (बोल्डरिंगचा छोटा रूट) लीलया सोडवणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आयुष्यात कधी बिले दिला नसेल, असं अगदी शक्य आहे. दोन, दोरवाल्या वॉलवर शिकलेल्याला टप्प्याची, म्हणजे कड्यातल्या अरुंद सपाटीची, भीती माहीत नसते. वॉलवर लीडर पडला की हवेत झुलतो. आपल्या कड्यावर खाली एखादा टप्पा असतो आणि दोन-तीन फूट जास्त सोडलेला स्लॅक घोट्याला महागात पडतो. वर वारा असेल तर हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा दोराच्या झटक्यांचे इशारे खालीच ठरवावे लागतात. वॉलवर याची कधी गरजच पडत नाही.

म्हणून वॉलवरची ओळख थेट कोकणकड्याच्या बेताला जोडू नये. मधली पायरी म्हणून कर्नाटकातलं बदामी आहे. वालुकाश्म, बोल्ट मारलेले रूट्स, बरेचसे एका दोराच्या लांबीत संपणारे, गावातून चालत जाण्याइतके जवळ. दिवसभर चढून संध्याकाळी प्रत्येकाला आपापल्या लॉजवर जाता येतं. चौघांचा गट करून बदामीला दोन-तीन दिवस घालवले की माणूस दमल्यावर कसा वागतो, ते दिसतं.

घरचा माणूस

नवरा किंवा जवळचा मित्र चढणारा असेल तर प्रश्न मिटला असं घरच्यांना वाटतं. विश्वासाच्या बाबतीत ते खरंही असतं. पण बिलेवर मायेचा एक त्रास आहे, तो जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बायको लीडवर आहे, क्विकड्रॉत (बोल्टला अडकवलेल्या, दोर घालायच्या कडीत) दोर घालायला तिने हाताने दोर वर ओढला आणि तेवढ्यात खालून तो ताणला गेला. त्याला ती पडेल अशी भीती वाटते म्हणून तो दोर घट्ट धरून बसलाय. एका हातावर लटकून ती ‘स्लॅक’ म्हणून ओरडते, तो ‘जपून!’ म्हणतो. ती पडेल या धास्तीने तो तिला पाडायच्या बेतात असतो. शिवाय घरचा माणूस शिकवायला लागला की प्रश्न विचारायचा संकोच होतो, आणि गटात कोणी तिला काही विचारलं तर उत्तर तो देतो. माझा सल्ला असा की शिकावं दुसऱ्याकडे, चढावं हवं तर दोघांनी. आणि घरी लहान मूल असेल तर दोघांनी एकाच दोरावर कुठवर जायचं, हे निघण्याआधी बोलून घ्यावं.

बायकांचाच रोप

रोप म्हणजे इथे एका दोरावर चढणारी जोडी किंवा गट. १९२९ साली मिरियम ओब्रायन या अमेरिकन बाईने अॅलिस दामेम हिला बरोबर घेऊन आल्प्समधला ग्रेपाँ चढला, एकही पुरुष बरोबर न घेता. १९३२ मध्ये तिने मॅटरहॉर्नही अशाच पद्धतीने केला. तिचं म्हणणं साधं होतं: चांगल्या लीडरच्या मागून जाणाऱ्याला वाट शोधण्याचे, हवामान जोखण्याचे, परत फिरण्याचे निर्णय कधी घ्यावेच लागत नाहीत. गटात पुरुष असला की ते काम आपसूक त्याच्याकडे जातं. जवळपास शंभर वर्षं झाली, तरी आपल्या कड्यांवर मी हेच बघते. त्याच मुली, तोच रूट; बरोबर एखादा अनुभवी मुलगा असला की अँकर बांधून झाल्यावर सगळ्या त्याच्याकडे बघतात. तो नसला की एकमेकींचा अँकर तपासतात.

बाईच्या रोपवर आणखी एक गोष्ट सोपी होते, तिची जाहीर चर्चा फारशी होत नाही. सुळक्यावर सहा-सात तास गेले की लघवीला जावंच लागतं, पाळीही तारीख पाहून येत नाही. पुरुषांबरोबर असताना मुली पाणी पिणंच कमी करतात, आणि उन्हात तापलेल्या कातळावर ते धोक्याचं असतं. बऱ्याच हार्नेसचे लेग लूप (मांड्यांचे पट्टे) मागून सोडता येतात, कमरेचा पट्टा आणि दोर न काढता. हे कसं करायचं, हे एखादी ताईच नीट दाखवते. वेणी रॅपलच्या डिव्हाइसमध्ये अडकू नये म्हणून शर्टाच्या आत घालायची, हेसुद्धा.

तरीही केवळ बाई आहे म्हणून कोणाच्या हातात दोर देऊ नये. दोघी नवख्या असतील तर तो रोप पुरुषाच्या रोपइतकाच, किंबहुना जास्त धोक्याचा. आणि आपल्याकडे लीड करणाऱ्या बायका अजून कमी असल्याने असा रोप जमवायला वेळ लागतो. तो कुठून तरी मिळेल अशी वाट पाहण्यापेक्षा संस्थेत किंवा वॉलवर दोघी-तिघी हेरून बरोबरीने शिकत जाणं बरं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बायकांसाठी वेगळे बेसिक कोर्स होतात. तिथे ओळख झालेल्या मैत्रिणी पुढे जोडीदार झाल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत.

पहिल्याच दिवशी काय बघायचं

वाट कुठलीही निवडली तरी पहिला दिवस टॉप रोपचा (दोर वरून आधीच लावलेला) असावा, दिवसाउजेडी, आणि परतीचं वाहन आपल्या हातात असावं. पहिल्याच भेटीत कोणाच्या बाइकवर मागे बसून मुक्कामाला जायचं नाही. रूटचं नाव, पायथ्याचं गाव आणि परतायची वेळ घरी किंवा मैत्रिणीला कळवलेली असावी, आणि ती कळवली आहे हे जोडीदारालाही सांगावं.

चढण्याआधी तुम्हीच म्हणा, ‘चल, एकमेकांचं तपासू.’ बकल, फिगर ऑफ एटची गाठ, बिले डिव्हाइस, कॅराबिनरचा लॉक. लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबर्सपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या एका कड्यावर तिने हार्नेसला बांधायची गाठ अर्धवट सोडली. वर पोचून दोरावर रेलली तशी वीस मीटरहून जास्त खाली आली. झाडामुळे वाचली, आणि १९९३ मध्ये तिनेच अमेरिकेतल्या एल कॅपिटान कड्यावरचा नोज हा रूट फ्री केला, म्हणजे दोराचा आधार फक्त पडल्यास वाचण्यासाठी ठेवून चढला. तिची गाठ राहू शकते तर कोणाचीही राहू शकते. जो माणूस ‘मला काय शिकवतेस, इतकी वर्षं चढतोय’ म्हणेल, त्याच्याबरोबर त्या दिवशी चढू नका. गाठ बरोबर असली तरीही.

मग त्याचा ब्रेकचा हात बघा. बिले डिव्हाइस ग्रिग्री असो वा एटीसी, तो हात दोरावरून सुटता कामा नये, खाली उतरवताना तर नाहीच. आणि वजनाचा प्रश्न काढा. तुम्ही पन्नास किलोच्या, तो ऐंशीचा; तो लीडवर पडला तर तुम्ही खेचल्या जाऊन पहिल्या क्विकड्रॉपर्यंत उचलल्या जाल. यावर उपाय आहेत: जमिनीवर स्वतःला अँकर करणं, पहिल्या बोल्टवर घर्षण वाढवणारं डिव्हाइस लावणं, आणि जमिनीलगत थोड्या उंचीवरून पडण्याचा सराव. ‘तू हलकी आहेस, तू बिले नको देऊ’ म्हणणाऱ्याबरोबर तुम्ही कायम पाहुण्या राहता. जो बसून अँकर लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘आता मी पडतो, धर’, तो तुम्हाला बरोबरीची मानतोय.

माझा कौल

अगदी नवख्या असाल तर संस्था, वर सांगितलेले दोन प्रश्न विचारून. वॉलवर वर्षभर जाताय आणि आता कड्यावर जायचंय, तर संस्थेचा एखादा कोर्स करा, पण जोडीदार वॉलवरूनच उचला आणि बदामीत पारखा. घरचा माणूस चढत असेल तर त्याच्याआधी दुसऱ्या कोणाकडे तरी शिका. आयोजकांबरोबर फक्त अनुभवासाठी. आणि लीड करायची इच्छा असेल, तर यातल्या कुठल्याही वाटेवर असताना दुसरी एक मुलगी शोधायला आजपासून लागा, कारण पुरुषांच्या मागून कितीही चढलं तरी अँकरचा शेवटचा शब्द आपला व्हायला त्या मैत्रिणीचा रोप लागतोच.

पाऊस संपला की नोव्हेंबरपासून कडे चढण्याजोगे होतात. त्यामुळे चौकशीचे फोन सप्टेंबरातच करा, आणि फोनवर पहिला प्रश्न लीड करणाऱ्या मुलींचा विचारा.