आयजीआय की थीफ: जुन्या स्टेल्थ गेमपैकी आधी कोणता?

दिवाळीत मावसभाऊ साताऱ्याला आला होता. "दादा, जुन्यातला एकच स्टेल्थ गेम, म्हणजे लपतछपत खेळायचा, खेळायला वेळ मिळणार आहे, कोणता घेऊ? आयजीआय की थीफ?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. दोन्ही गेम मी शेवटपर्यंत खेळलोय, आयजीआय तर दोनदा. आजच्या साध्या लॅपटॉपला दोन्ही जड नाहीत. थीफला तेवढा टीफिक्स हा दुरुस्तीचा पॅच टाकून घ्या, म्हणजे डोकेदुखी वाचते.

आयजीआय आला 2000 च्या डिसेंबरात आणि आमच्या पिढीने तो सायबर कॅफेत बसून खेळला. पोवई नाक्याजवळच्या कॅफेत एक जण खेळायचा आणि खुर्चीमागे चौघं उभे. टेकडीवर पालथं पडून दुर्बिणीतून शत्रूचा तळ न्याहाळायचा, टॉवरवरचा शिपाई तोंड कधी फिरवतो ते पाहायचं, कॅमेरे मोजायचे. त्या वेळी मागचे चौघंही कुजबुजत बोलायचे, जणू मोठ्याने बोललं तर स्क्रीनवरच्या शिपायाला ऐकू जाईल. एवढ्या मोकळ्या मैदानात एकटं असल्याची ती जाणीव थीफमध्ये नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

मिशन चौदा, आणि मिशनच्या मधे सेव्ह नाही, म्हणजे मेलात की ते मिशन पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकांची तक्रार हीच असते. माझी नाही. अर्धा तास दबकत पुढे सरकल्यावर शेवटच्या कुंपणापाशी माऊसवरच्या हाताला जो घाम सुटतो, तो सेव्ह असता तर सुटला नसता.

माझं दुखणं वेगळं आहे. आयजीआयमध्ये आपण कोणाला दिसतोय की नाही, हे कळायला काही मार्गच नाही. एकदा कुंपणाच्या कडेने, इमारतीच्या आडोशाने मी आत शिरलो. कॅमेरे कॉम्प्युटरवरून आधीच बंद केलेले. सायलेन्सरच्या बंदुकीने एका शिपायाला गारद केलं, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि भोंगा सुरू. कोणी पाहिलं? लांबच्या टॉवरवरून दिसलो? पडण्याचा आवाज गेला? एखादा कॅमेरा राहिला? आजतागायत मला माहीत नाही. भोंगा वाजला की बराकीतून शिपाई येतच राहतात, कितीही मारा. मग लपण्याला काही अर्थ उरत नाही. मिशन पुन्हा पहिल्यापासून, आणि या खेपेला नेमकं काय वेगळं करायचं याचा पत्ता नाही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा पोटातला गोळा गेला होता, नुसती चिडचिड उरली होती.

थीफ त्याच्या दोन वर्षं आधीचा, 1998 चा, लुकिंग ग्लास स्टुडिओजचा. स्क्रीनच्या खालच्या बाजूला एक रत्न असतं. उजेडात गेलात की ते उजळतं, अंधारात गेलात की काळं पडतं. बस, एवढंच. पण त्या रत्नाने सगळा खेळ बदलतो. रत्न काळं आहे, पहारेकरी शीळ घालत दोन हातांवरून चाललाय, आणि आपण श्वास रोखून उभे. मशाल नडत असेल तर पाण्याचा बाण मारून ती विझवायची.

अंधार सांभाळला तरी पाय राहतातच. फरशीवर आणि लोखंडावर पाऊल खणखणीत वाजतं, गालिच्यावर जवळजवळ नाहीच. पहारेकऱ्याचा आवाजही भिंतीतून आरपार न येता दारं-बोळ फिरून येतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूला आहे हे कानांनी ओळखता येतं. शनिवार पेठेतलं आमचं जुनं घर लाकडी जिन्याचं. रात्री उशीर झाला की वहाणा हातात घ्यायच्या, तिसरी पायरी वगळायची, बाकीच्यांवर भिंतीलगत पाय टाकायचा, कारण आजोबांची झोप सावध. थीफच्या पहिल्याच मोहिमेत, बॅफर्ड सरदाराच्या वाड्यात, गालिचा संपून फरशी सुरू झाली तेव्हा माझे खांदे अगदी त्या जिन्यावरच्यासारखे आखडले. इथे सापडलो तर का सापडलो हे मला लगेच कळतं: घाई केली, फरशीवर धावलो, मशालीखाली थांबलो. म्हणून पुढच्या खेपेला त्याच दाराशी भीती जास्तच वाटते.

थीफमध्ये उणिवा नाहीत असं नाही. सेव्ह कधीही करता येतो, आणि दर दोन पावलांना केलात तर ताण पार संपतो. मी वाड्याच्या एका मजल्याला एकच सेव्ह असं ठरवून घेतलं होतं. नकाशा हाताने काढलेला, अर्धवट. आयजीआयच्या उपग्रह नकाशाची सवय असलेल्याला पहिला तासभर चुकल्यासारखं होईल. आणि दुसऱ्या मोहिमेपासून चालते मुडदे सुरू होतात. तलवारीने पाडलेला मुडदा थोड्या वेळाने पुन्हा उठतो. हा भाग सगळ्यांना रुचेलच असं नाही. नुसती घरफोडीच हवी असेल, तर 2000 मध्ये आलेला दुसरा भाग बघा, त्यात माणसांचा पहारा जास्त आहे.

नेम धरून गोळी घालण्यात मजा येत असेल, मोकळं मैदान आवडत असेल, तर आयजीआय घेऊन तुम्ही कदाचित माझ्यापेक्षा खूश व्हाल. पण मावसभावाला मी थीफच लावून दिला. रात्री जेवणं झाल्यावर, खोलीतला दिवा मालवून, कानावर हेडफोन. अर्ध्या तासाने चहा घेऊन मागून खांद्याला हात लावला तर केवढ्याने दचकला. आयजीआय त्याला नंतर खेळायला सांगितलाय, रविवारी सकाळी, मधे कोणी हाक मारणार नाही अशा वेळी.