सारखी जनुके जोडताना: दुतर्फा ब्लास्ट की वंशवृक्ष?

मुंबईत एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी ससून डॉकवरून आणलेल्या बोंबलाचे एखादे जनुक माणसाच्या जनुकाशी ताडून पाहायचे असेल, तर पद्धत आधी ठरवावी लागते: दोन्ही बाजूंनी ब्लास्ट (जनुकांचे किंवा प्रथिनांचे मिळतेजुळते क्रम शोधणारी संगणकप्रणाली) लावून जोडी धरायची, की जनुकाचा वंशवृक्ष काढायचा?

दुतर्फा ब्लास्ट झटपट होतो. माणसाचे जनुक माशाच्या जनुकसंचात शोधायचे, सर्वांत जवळचे सापडेल ते उलट माणसाच्या जनुकसंचात शोधायचे आणि मूळ जनुकच परत आले तर जोडी मानायची. हजारो जनुकांच्या पहिल्या चाळणीला हे उत्तम आहे. मात्र ही पद्धत एकास एक जोडीच देते, आणि माशांच्या बाबतीत तिथेच घात होतो. अस्थिमत्स्यांपैकी टेलिओस्ट या गटाच्या पूर्वजात सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी अख्खा जनुकसंच दुप्पट झाला. त्यामुळे डोळ्याच्या घडणीला लागणारे पॅक्स-६ माणसात एकच, तर झेब्राफिशमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रतींत आढळते. दोघींचे माणसाच्या पॅक्स-६शी नाते सारखेच असूनही दुतर्फा शोधात जास्त गुणांची एक उरते आणि दुसरी नकळत गळते. बोंबीलही टेलिओस्टच, म्हणून दुसरी प्रत शोधल्याशिवाय ती नाही असे लिहू नये.

वंशवृक्षाला अनेक प्रजातींचे क्रम नीट एकाखाली एक मांडावे लागतात, आणि मांडणी चुकली की झाडही चुकते. तरीही माझा कौल झाडालाच आहे. उत्क्रांतीचे अभ्यासक वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये ऑर्थोलॉग आणि पॅरालॉग हा भेद केला तो इतिहासावरून: प्रजाती फुटल्यामुळे दुरावलेली जनुके ऑर्थोलॉग, जनुक दुप्पट झाल्यामुळे दुरावलेली पॅरालॉग. हा इतिहास साम्याच्या टक्केवारीत दिसत नाही, झाडाच्या फांद्यांवर दिसतो.

दूरच्या प्रजातींसाठी प्रथिनाचा क्रम घ्यावा, कारण ६१ कोडॉन (डीएनएचे तीन-तीन अक्षरी शब्द) २० अमिनो आम्लांसाठी असल्याने डीएनएमधले कितीतरी बदल प्रथिनात उमटतच नाहीत. माणूस आणि उंदीर यांच्यात मात्र पॅक्स-६चे ४२२ अमिनो आम्लांचे प्रथिन तंतोतंत एकच आहे. तिथे फरक मोजायचा तर डीएनएकडेच वळावे लागते.

झाड संदिग्ध निघाले तर शेजार पाहावा. माणसात पॅक्स-६च्या शेजारी ईएलपी-४ हे जनुक असते आणि पॅक्स-६ला चालू-बंद करणारे काही तुकडे त्याच्याच पोटात आहेत, म्हणून ही जोडी सहसा फुटत नाही. झाड आणि शेजार दोन्ही एकाच बाजूचे असतील, तरच मी विद्यार्थ्यांना ती जोडी प्रबंधात लिहू देते.