नगरपालिकेचं फायबर: वर्षभराच्या वापरानंतर

नगरपालिकेच्या मालकीच्या फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूतून येणाऱ्या इंटरनेटचं, कनेक्शन घेऊन वर्ष होत आलं. पहिल्या आठवड्यातच लिहायची इच्छा होती, पण नव्या लाइनवर सगळंच छान चालतं. एकदा लाइन बंद पडू दे, तक्रार केल्यावर कोण येतं ते कळू दे, सुट्टीच्या संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर असताना काय होतं ते दिसू दे, मगच लिहायचं असं ठरवलं होतं.

आमच्या भागात वर्षानुवर्षं एकाच कंपनीची केबल होती. ती नको असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट, तिसरा पर्याय नाही. डाउनलोड ठीक असायचं, अपलोडचा मात्र जीव जायचा. केबलचं जाळं मुळात टीव्हीसाठी, म्हणजे घराकडे येणाऱ्या सिग्नलसाठी उभारलेलं. परत जाणाऱ्या सिग्नलला फ्रिक्वेन्सीची खालची अरुंद पट्टी मिळते, जुन्या जाळ्यांत बऱ्याच ठिकाणी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच, आणि आसपासच्या घरांतला विद्युत गोंगाटही त्याच पट्टीत शिरतो. ही पट्टी रुंद करता येते, पण त्यासाठी रस्त्यावरचे अँप्लिफायर बदलावे लागतात. गिऱ्हाईक कुठे जाणारच नसेल तर तो खर्च कोण करणार?

आता वापराबद्दल. प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड सारखं आहे आणि वायर लावून मोजलं की दोन्ही जवळपास सांगितल्याइतकं मिळतं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो लाइनवर भार असतानाचा पिंग, म्हणजे पाठवलेल्या संदेशाला उत्तर यायला लागणारा वेळ. फोटोंचा बॅकअप जोरात चढत असताना पिंग किती होतो ते बघा. जुन्या लाइनवर तो कित्येक पट वाढायचा, कारण पाठवायची डेटाची पाकिटं मोडेममध्ये रांग लावून तुंबायची. एकाने फाइल चढवली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकायचा आणि घरात वाद व्हायचे. आता बॅकअप चालू असतानाही कॉल नीट चालतो. स्पीडटेस्टवरचा मोठा आकडा बघून कनेक्शन निवडू नका, ही चाचणी आधी करा.

संध्याकाळच्या गर्दीत थोडा फरक पडतो, पण काम अडत नाही. फायबर म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र रस्ता असं नसतं. जीपॉन या सामायिक फायबरच्या पद्धतीत एका फायबरवर साधारण ३२ घरं असतात आणि त्यांच्यात मिळून सुमारे अडीच गिगाबिट डाउनलोड, सव्वा गिगाबिट अपलोड वाटलं जातं. एक्सजीएस-पॉन ही तिची नवी आवृत्ती असेल तर दोन्हीकडे १० गिगाबिट. चौकशी करताना हे नक्की विचारा, दारावर येणाऱ्या विक्रीच्या माणसाला बहुधा सांगता येत नाही.

मध्यंतरी एकदा लाइन गेली. ओएनटीवरचा (फायबर घरात जिथे जोडलं जातं त्या डब्यावरचा) सिग्नल गेल्याचा लाल दिवा मधूनच लागायचा, विझायचा. तक्रार नोंदवल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्याने राउटर बंद-चालू करायला सांगितलं नाही, थेट ओएनटीला जोडलेली छोटी फायबर वायर काढून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला. उणे २९ डीबीएम (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). ही पॉवर उणे २७च्या खाली गेली की साध्या ओएनटीचा भरवसा राहत नाही. मग तो बाहेरच्या भिंतीवरची वायर हाताने चाचपत निघाला आणि खिडकीच्या कोपऱ्यावर थांबला. तिथे क्लिप इतकी घट्ट ठोकलेली होती की वायर काटकोनात मुडपली होती. फायबर असं मुडपलं की त्यातला प्रकाश वाकणावरच बाहेर गळतो. त्याने क्लिप काढली, वायरला सैल वळण दिलं, पुन्हा मीटर लावला तर उणे १९. त्यानंतर लाल दिवा लागलेला नाही. जाताना त्याने ते वाचन ओएनटीच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवलं, पुढच्या वेळी तुलना करता यावी म्हणून. जुन्या कंपनीकडून एवढी नीट तपासणी कधी झाली नव्हती.

उणिवाही आहेत. रात्री उशिरा फोन केला तर तक्रार फक्त नोंदवून घेतात, काम सकाळीच सुरू होतं. घराला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळत नाही. राउटरवर १००.६४ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट उघडणाऱ्यांना हे अडचणीचं आहे. मी स्थिर, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र आयपीसाठी अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. सोबत आलेला राउटर सुमार आहे, आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही. आणि वीज गेली की ओएनटीही जातो, त्यामुळे छोटा यूपीएस घ्याच.

या वर्षात सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती शेजाऱ्यांकडे. त्यांनी जुनं कनेक्शन सोडलंच नाही. पण गल्लीत नगरपालिकेची वायर ओढली गेल्यावर काही महिन्यांतच त्यांना कंपनीकडून फोन आला: अपलोड वाढवतोय, कराराची अट काढतोय, मोडेमचं भाडं नको. इतकी वर्षं 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' म्हणून ऐकवलेली गोष्ट एकाएकी शक्य झाली. म्हणजे ज्यांनी नवं कनेक्शन घेतलं नाही त्यांनाही त्याचा फायदा मिळाला. मला या सगळ्या खटाटोपाचं मोल इथे दिसतं.

दुसरी खासगी कंपनी आपणहून का येत नाही, तर खर्चाचा मोठा भाग खोदकाम, डक्ट (जमिनीखालच्या नळ्या) आणि खांबांवर जातो. काचेचा तंतू त्या मानाने स्वस्त. आधीच एक कंपनी बसलेली असेल तर नव्या कंपनीला अर्धी घरंही मिळण्याची खात्री नसते. शहराला मात्र तीच गुंतवणूक सावकाश वसूल झाली तरी चालते. अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगाच्या सरकारी वीज संस्थेने, ईपीबीने, २०१० मध्ये आपल्या साऱ्या वीजग्राहकांना १ गिगाबिट देऊ केलं. तेच फायबर त्यांच्या वीजजाळ्यातल्या स्वयंचलित स्विचनाही लागत होतं, म्हणून हिशेब बसला. शेजारच्या गावांनीही तेच मागितलं, पण राज्याचा कायदा आडवा आला. २०१५ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने तो अडथळा दूर केला आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. शेजारी मागतायत, संस्था द्यायला तयार आहे आणि मध्ये कायदा उभा, याचा मला आजही राग येतो.

उलटी उदाहरणंही डोळ्यांआड करता येणार नाहीत. युटामधल्या प्रोव्हो शहराने कर्ज काढून जाळं उभारलं आणि २०१३ मध्ये ते गूगलला १ डॉलरला विकलं. कर्जाचे हप्ते नागरिकांच्याच माथी राहिले. जाळं शहराचं आहे एवढ्याने ते आपोआप चांगलं चालत नाही.

मला पटलेली रचना स्टॉकहोमची आहे. तिथे १९९४ मध्ये स्थापन झालेली स्टोकॅब ही शहराची कंपनी स्वतः घराघरात इंटरनेट विकत नाही. ती नुसतं फायबर भाड्याने देते आणि त्यावर वेगवेगळ्या कंपन्या आपापली सेवा चालवतात. खोदकाम एकदाच, गिऱ्हाइकाला निवड मात्र खरी.

आमच्याकडे आज नगरपालिका जाळ्याची मालकही आहे आणि एकमेव विक्रेतीही. जुनी कंपनी उद्या निघून गेली तर आम्ही पुन्हा एकाच दारात उभे. म्हणून सेवेवर समाधानी असूनही मी दोन लेखी मागण्या दिल्यात: फायबर इतर कंपन्यांनाही समान दराने भाड्याने द्या, आणि लाइन कधी, कुठे, किती वेळ बंद होती याची नोंद दर महिन्याला जाहीर करा. दुसरी मागणी तोंडी मान्य झालीय. पहिलीवर पुढच्या बैठकीत चर्चा आहे आणि मी तिथे जाणार आहे.