गोळ्या संपल्यावर सुरू होणारा सिनेमा: ‘द रेड’

सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. तामा नावाच्या गुंडाच्या खोलीत हात बांधलेली माणसं गुडघ्यांवर ओळीने बसवलेली आहेत. तो एकेकाच्या डोक्यात गोळी घालत पुढे सरकतो. शेवटच्या माणसापाशी पिस्तूल रिकामं होतं, तेव्हा तो शांतपणे टेबलाकडे जातो आणि खणातून हातोडी काढतो. पुढच्या दीड तासात काय होणार आहे, ते या एका कृतीत सांगून झालेलं असतं. इथे गोळ्या संपतात, आणि त्या संपल्या की माणसं एकमेकांच्या जवळ येतात.

‘द रेड’ हा 2011 चा इंडोनेशियन सिनेमा. दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स मूळचा वेल्सचा. लेखन आणि संकलनही त्याचंच. मूळ नाव ‘सर्बुआन माउत’, आणि त्यातला ‘माउत’ म्हणजे आपल्या कानाला ओळखीची मौतच. लांबी 101 मिनिटं, खर्च साधारण 11 लाख डॉलर. हॉलिवूडच्या मोठ्या ॲक्शनपटात एवढे पैसे एका पाठलागावर उडतात. टोरंटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या सिनेमांचा एक विभाग असतो, त्यात प्रेक्षकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार त्या वर्षी या सिनेमाने घेतला. त्यानंतर आलेल्या कितीतरी मारधाडपटांवर त्याचा ठसा आहे. कॉरिडॉरमधली एखादी लांबलचक मारामारी दिसली की मुळाशी बहुतेक वेळा हीच इमारत सापडते.

गोष्ट एका वाक्यात संपते. जकार्तातली एक जुनाट, उंच इमारत, पंधराव्या मजल्यावर तामा, आणि त्याला पकडायला आलेली वीस पोलिसांची तुकडी. सहाव्या मजल्यावर एक पोरगं त्यांना बघतं, बोंब ठोकतं, आणि खालचा रस्ता बंद होतो. आता एकतर वर जायचं, नाहीतर मरायचं.

‘बी मूव्ही’ हा शब्द आपण कशालाही चिकटवतो, म्हणून थोडं मागे जायला हवं. 1930 च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत रुळली. मोठ्या सिनेमासाठी थिएटरवाले कमाईतला टक्का देत, जोडीच्या छोट्या सिनेमासाठी ठरलेलं भाडं. त्या ‘बी’ सिनेमाची कमाई अशी आधीच ठरलेली असल्यामुळे खर्चही ठरलेलाच असायचा. थोडे दिवस, थोडे सेट, स्टार नाही. आपल्याकडे मॅटिनीला लागणारे कराटेपट याच कुळातले. आज ते दुहेरी तिकीट राहिलं नाही, पण हिशेब तोच आहे: पैसा कमी, जागा एक, चेहरे अनोळखी, आणि लेखकाला पळवाट नाही. ‘द रेड’ या अर्थाने अस्सल बी सिनेमा आहे. एव्हान्सला खरं तर आधी गुंडांच्या टोळ्यांवर एक मोठा सिनेमा करायचा होता. त्याला पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून त्याने एका इमारतीत मावेल असा सिनेमा लिहिला. प्रत्येक अडचणीचा त्याने नियम करून टाकला, आणि सिनेमा उभा आहे तो या नियमांवर.

पहिला नियम जागेचा. मारधाडपटाची सर्वांत जुनी खोट अशी की नायकाभोवती दहा गुंड असतात, एक मार खातो आणि बाकीचे नऊ आपली पाळी येईपर्यंत हात हलवत उभे राहतात. डोळ्याला हे लगेच खटकतं. ‘द रेड’मधला कॉरिडॉर दोन माणसं खांद्याला खांदा लावून कशीबशी उभी राहतील एवढाच आहे. तिसरा यायचा तर आधी पहिला पडायला हवा. त्यामुळे गुंडांचं एकेक करून येणं पटतं, आणि त्यांना थांबवतो तो कॉरिडॉर, दिग्दर्शक नव्हे. दाराच्या चौकटी, जिन्याचा कठडा, भिंतीचा कोपरा या सगळ्याचा वापर होतो. कॉरिडॉरमधल्या मोठ्या मारामारीच्या शेवटी पोलिसांच्या तुकडीतला नायक रामा एकाची मान धरून मागच्या मागे उडी घेतो, आणि ती मान तुटक्या दाराच्या उरलेल्या फळीवर येते. हे बघताना पोटात गोळा येतो. तो येतो कारण ते तुटलेलं दार आपण आधी पाहिलेलं असतं.

दुसरा नियम शस्त्रांचा. सुरुवातीला रायफली, मग पिस्तुलं, मग कोयते, मग पोलिसी दांडका आणि सुरी, आणि शेवटी नुसते हात. बहुतेक ॲक्शनपट उलटे चढत जातात: आधी ठोसे, मग बंदुका, शेवटी हेलिकॉप्टर आणि स्फोट. तिथे धोका दूर दूर जात राहतो. इथे शस्त्र लहान होत जातं आणि दोन शरीरांमधलं अंतर आटत जातं. तामाचा उजवा हात ‘मॅड डॉग’ एका प्रसंगी पिस्तूल रोखून उभा असतो आणि ते बाजूला ठेवून देतो. त्याला हाताने मारायचंय. यायान रुहियान हा बुटका, सडपातळ माणूस ही भूमिका करतो, आणि त्या क्षणापासून तो पडद्यावर आला की छातीत धडधड सुरू होते.

या नियमामागेही पैशांचंच कारण आहे. खऱ्या बंदुकांचा खर्च आणि परवाने टाळण्यासाठी चित्रीकरणात एअरसॉफ्टच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या नकली बंदुका वापरल्या. नळीच्या तोंडाशी उडणारा भडका, मागे सरकणारी स्लाइड, बाहेर पडणारं रिकामं काडतूस हे सगळं नंतर कॉम्प्युटरवर घातलेलं आहे. अंधारात ते खपून जातं, पण नीट बघितलं तर सिनेमाचा सर्वांत कच्चा भाग गोळीबाराचाच आहे. शिलेदार हातघाईवर आले की सिनेमात जीव येतो.

आता मुख्य गोष्ट, पेंचाक सिलात. इंडोनेशियाची ही युद्धकला. 2019 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कराटेत ठोसा मारून हात परत येतो. सिलातमध्ये गेलेला हात तिथेच राहतो: मनगट धरतो, कोपर अडकवतो, पायाने गुडघ्याचा आधार काढतो, आणि माणूस पडत असतानाच पुढचा फटका बसतो. कोपर आणि गुडघा ही यातली खरी हत्यारं, म्हणून अरुंद जागेत ही कला फुलते. कोल्हापुरात मर्दानी खेळ पाहिलेल्यांना पवित्रा हा शब्द समजावून सांगायला नको. वजन कोणत्या पायावर आहे ते पाहिलं की पुढचा वार कुठून येणार ते कळतं. ‘द रेड’मध्येही नजर हातावर न ठेवता पायांवर ठेवून बघा. रामाची भूमिका करणारा इको उवैस वार करण्याआधी वजन बदलतो, आणि कॅमेरा बहुतेक वेळा इतका मागे असतो की ते दिसतं.

इको दहाव्या वर्षापासून काकांच्या आखाड्यात सिलात शिकला. एव्हान्स सिलातवर माहितीपट करत असताना त्याला हा मुलगा सापडला, आणि 2009 मध्ये दोघांनी पहिला सिनेमा केला, ‘मरांताउ’. पोलिसांचा सार्जंट झालेला जो तस्लीम इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युडो संघातला. मारामाऱ्या बसवल्या इको, यायान आणि एव्हान्स या तिघांनी मिळून. सेटवर जाण्याआधी त्यांनी मारामाऱ्या साध्या कॅमेऱ्यावर चित्रित केल्या, जोडल्या, कोणता फटका कोणत्या कोनातून घ्यायचा ते त्यातच ठरवलं. मारामारी बसवणारा, ती करणारा आणि कापणारा यांचं आधीच जमलेलं असल्यामुळे प्रत्येक शॉट एका विशिष्ट फटक्यासाठी आहे.

स्वस्त ॲक्शनपट नेमके इथे गळपटतात. नटाला मारामारी येत नाही, म्हणून कॅमेरा हलवतात. हललेलं दिसू नये म्हणून भराभर कापतात. एका ठोशाला तीन तुकडे: हात निघाला, काहीतरी धूसर, माणूस पडला. ठोसा लागला कुठे ते कळतच नाही. खरं तर पडद्यावरचा ठोसा लागतच नसतो. मुठीत आणि गालात वीतभर अंतर असतं, आणि कॅमेरा अशा रेषेत ठेवतात की ते अंतर मुठीमागे झाकलं जातं. ठोसा विकला जातो तो मार खाणाऱ्याच्या मानेमुळे. तिने अर्ध्या सेकंदाचा उशीर केला तर सगळं मातीत. वेग कमी वाटला तर सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमने चित्रित करून हालचाल थोडी जलद करतात. त्याहून खाली गेलं की माणसं बाहुल्यांसारखी टुकटुक हलायला लागतात. रक्ताचीही एक साधी खूण आहे. उडालेलं रक्त हवेत विरून गेलं आणि मागच्या भिंतीवर डाग राहिला नाही, तर ते कॉम्प्युटरचं आणि घाईने केलेलं.

रक्ताचा ‘द रेड’मधला सर्वांत चांगला वापर मात्र मारामारीत नाहीच. रामा आणि त्याचा जखमी सहकारी एका भाडेकरूच्या घरात भिंतीमागच्या फटीत दडलेले असतात. बाहेर गुंड भिंतीत कोयता खुपसून बघतोय. पातं आत येतं आणि रामाच्या गालात शिरतं. ओरडायचं नाही, हलायचं नाही. पातं बाहेर जाताना त्यावर रक्त दिसलं तर सगळं संपलं, म्हणून रामा ते मागे सरकत असतानाच बोटांनी पुसून घेतो. एकही फटका नाही, आणि पूर्ण सिनेमात श्वास सर्वांत जास्त इथे अडकतो. हिंसक सिनेमा आवडणाऱ्यांना फक्त रक्त हवं असतं, असं समजणाऱ्यांनी ही दोन मिनिटं बघावीत. ओढ असते ती शरीराला काय सोसावं लागतंय ते नेमकं दिसण्याची.

उणिवाही सांगायला हव्यात. मधल्या भागात रामा आणि त्याच्या भावाची बोलणी सिनेमाला जड जातात. भ्रष्ट अधिकाऱ्याचा उलगडा आधीच कळतो. बायका जवळजवळ नाहीतच: सुरुवातीला रामाची गरोदर बायको, मध्ये भाडेकरूची आजारी बायको, बस. रंग इतके करडे ठेवलेत की कोणत्या मजल्यावर आहोत हा हिशेब कधीकधी सुटतो. शेवटही थंड आहे. रामा आणि त्याचा भाऊ या दोघांविरुद्ध मॅड डॉग ही मारामारी, आणि त्यातली ती फुटकी ट्यूबलाइट, इतक्या उंचीवर नेऊन ठेवते की नंतरच्या प्रसंगांना चढायला जागाच उरत नाही.

बघताना काही गोष्टी पाळल्या तर फरक पडतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग आधी बंद करा. सॅमसंगच्या जुन्या टीव्हींवर त्याला ऑटो मोशन प्लस म्हणतात, नव्यांवर पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. ते चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम घुसवतो, फटक्याचा झटका गुळगुळीत होतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसतो. सुरुवातीचा मोठा भाग अंधारात आहे, म्हणून दिवसा उजेडात किंवा मोबाइलवर बघण्यात अर्थ नाही. इंटरनेट कमी असेल तर काळ्या भागात चौकोन दिसू लागतात, तेव्हा डाउनलोड करून किंवा ब्लू-रे वर बघितलेलं बरं. आवाजाचा नाइट मोड चालू असेल तर कुजबुज आणि कोयत्याचा आवाज एकाच पातळीवर येतो, तोही बंद करा. भाषा मूळ इंडोनेशियनच ठेवा, सोबत सबटायटल. डबिंगमध्ये धापा आणि कण्हणं नव्याने घातलेलं असतं आणि शरीराशी जुळत नाही. संगीताच्या दोन आवृत्त्या आहेत: मूळ फजर युस्कमाल आणि आर्या प्रयोगी यांची, आणि अमेरिकन प्रदर्शनासाठी लिंकिन पार्क या रॉक बँडचा माइक शिनोडा आणि जोसेफ ट्रॅपनीज यांनी केलेली. शिनोडाची जास्त दणकट आहे, पण कॉरिडॉरमधल्या शांततेला मूळ संगीत जास्त जागा देतं. लहान मुलं घरात जागी असतील तर लावूच नका. हा काटेकोरपणे प्रौढांचा सिनेमा आहे.

हाच विचार आपल्या ओळखीच्या जागेत बघायचा असेल तर निखिल नागेश भट यांचा ‘किल’, जुलै 2024 मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झालेला. तोही आधी टोरंटोच्या त्याच मध्यरात्रीच्या विभागात दाखवला होता. कॉरिडॉरच्या जागी तिथे दिल्लीकडे निघालेल्या गाडीचा डबा आहे. बर्थ, पडदे, संडासाजवळची ती चिंचोळी जागा, दोन डब्यांमधला जोड, सगळं आपल्याला अंगाने माहीत असल्यामुळे प्रत्येक धक्का जवळचा वाटतो. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळजवळ अर्ध्यात, आणि तिथून नायकाचा हात बदलतो: आधी तो माणसं पाडत असतो, नंतर मारतो. गाडी लुटायला आलेले दरोडेखोर एकाच कुटुंबातले असल्यामुळे मेलेल्या प्रत्येकासाठी रडणारं कोणीतरी त्याच डब्यात असतं. हे ‘द रेड’मध्ये नाही, आणि या एका बाबतीत ‘किल’ पुढे जातो.

‘द रेड’चा दुसरा भाग 2014 मध्ये आला. तो अडीच तासांचा आहे, आणि पैशांअभावी राहिलेला टोळ्यांचा सिनेमा म्हणजे तोच. त्यात धावत्या मोटारीतल्या मारामारीसाठी एका कॅमेरामनला सीटचा वेश चढवून गाडीत बसवलं होतं, आणि दुसऱ्या गाडीतून आलेला कॅमेरा त्याने हातात घेऊन पुढे दिला. तो एका बैठकीत बघू नका, आणि पहिल्याच्या आधी तर नकोच. वेळ असेल तर ‘मरांताउ’पासून सुरुवात करा. तिथे इको अजून कोवळा आहे, सिलात मोकळ्या जागेत दिसतं, आणि कॅमेरा इतका शांत आहे की पायांचे पवित्रे एकेक करून मोजता येतात.