चिपळूणचा पावसाळा, लेन्सची बुरशी आणि ३० लिटरचं ड्राय कॅबिनेट

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका बारशाच्या शूटला निघताना ५० एमएमच्या लेन्सवर सहज मोबाईलचा टॉर्च मारला आणि पोटात गोळाच आला. आतल्या काचेच्या कडेला पांढरे बारीक धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, मधेमधे फाटे फुटलेले. फंगस! वरून कितीही पुसा, आतलं निघत नाही. मुंबईला बोरा बाजारात लेन्स उघडून साफ करून घेतली पण तोवर बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं, समोरून उजेड आला की फोटो अजून धुरकट येतो. पहिल्या पगारातून घेतलेली लेन्स, म्हणून फार लागलं.

चूक माझीच, चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवायचो. चामडं ओल धरतं, आणि पावसाळ्यात आमच्या घरात ह्युमिडिटी (हवेतली ओल) ८५ टक्क्यांच्या आसपास असते, बुरशीला ६५-७० पण पुरते.

मग साडेआठ हजाराला हे ड्राय कॅबिनेट घेतलं, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं छोटं कपाट, पूर्ण एक पावसाळा वापरून लिहितोय. ह्युमिडिटी ४५ वर सेट केलीय. ४० ते ५० मधे ठेवायचं, ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि आतलं ग्रीस सुकायला लागतं. आवाज अजिबात नाही, कॉम्प्रेसर नसतोच, एक छोटी प्लेट गार होते आणि हवेतली ओल तिच्यावर धरते. पण काम सावकाश, पहिल्यांदा ४५ वर यायला जवळजवळ दीड दिवस लागला. लाईट गेली तरी घाबरू नका, दाराचं रबर घट्ट आहे, जुलैत एकदा रात्रभर लाईट नव्हती तर सकाळी लाईट आल्यावर डिस्प्लेवर ५१ होतं, दार मात्र उघडायचं नाही.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे. डिस्प्लेवर ४५ दिसतं तेव्हा आत ठेवलेला साधा हायग्रोमीटर (ओल मोजायचं यंत्र) ५२ दाखवतो, म्हणजे नुसत्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, तीन-चारशेचा हायग्रोमीटर वेगळा घ्याच.

बजेट नसेल तर रबराच्या झाकणाचा एअरटाइट डबा आणि सिलिका जेलही (ओल शोषणारे दाणे) चालतं, आधी मी वर्षभर मित्राच्या लेन्स तशाच सांभाळल्यात. नारिंगी सिलिका घ्या, ओल पिऊन हिरवी झाली की गरम करून परत वापरता येते. निळ्यात विषारी कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या कढईत अजिबात भाजू नका. आणि ते तांदळात ठेवायचं वगैरे कृपा करून नको, पिठी उडून बटणांत जाते.

किल्ल्यावरून भिजून आलात तर कॅमेरा पुसून तासभर पंख्याखाली ठेवा आणि मगच आत. माझी ७०-२०० एमएमची लांब लेन्स आडवीच ठेवावी लागते आणि अर्धा कप्पा खाते, त्यामुळे घेताना आज लागतं त्यापेक्षा एक साईज मोठंच घ्या.