‘अर्धसत्य’: वर्दीतला पुरुष आणि त्याचा संताप

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर गोविंद निहलानी यांनी १९८३ मध्ये केलेला हा चित्रपट पोलिसी हिंसेचे मूळ थेट घरात शोधतो. आईला मारणाऱ्या हवालदार बापासमोर लहानपणी गप्प राहिलेला अनंत वेलणकर पुढे फौजदार होतो, आणि गुंड रामा शेट्टीपुढे कायदा हतबल ठरला की तो सारा अपमान कोठडीतल्या दुबळ्या आरोपीवर काढतो. दिलीप चित्रे यांची कविता वाचताना अनंत साकारणाऱ्या ओम पुरी यांचा आवाज ज्या रीतीने जड होत जातो, तसा अभिनय मी क्वचितच पाहिला आहे. अनंतची प्रेयसी असलेल्या स्मिता पाटील यांच्या ज्योत्स्नेला मात्र आणखी वाव मिळायला हवा होता. सदाशिव अमरापूरकरांचा शेट्टी आवाज न चढवता धाक बसवतो, त्यामुळे अनंतची त्याच्याशी होणारी अखेरची भेट असह्य ताणाची झाली आहे.