सेलवरचा एअर पंप: आठ महिने वापरल्यावर

दोन मोठ्या सेलवर चालणारा साधा पंप. घर बदलताना मासे न्यायला चांगला, पण गावातल्या गावात. बडोद्यात दांडिया बाजारातून गोत्री किंवा मांजलपूर, टेम्पो भरणं-उतरवणं धरून तीन-चार तास, एवढ्याला पुरतो.

झाकणाची वीस लिटरची बादली घ्यायची आणि माशांच्या टाकीचंच बारा लिटर पाणी. गळ्यापर्यंत भरली तर पहिल्याच स्पीडब्रेकरला निम्मं पाणी गाद्यांवर. आदल्या दिवसापासून खाणं बंद. पोट रिकामं असलं की बादलीत घाण कमी, म्हणजे त्या घाणीतला विषारी अमोनिया कमी.

खोट एकच, पण मोठी: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे नळीतून पाणी उलटं येऊ न देणारा तुकडा, सोबत येत नाही. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि सेल संपले, की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. आतली रबराची झडप चिकटते. मग पंप नुसता घुंई-घुंई करतो, नळीच्या टोकाच्या हवेच्या दगडातून बुडबुडा नाही. म्हणून पंप बादलीच्या वर अडकवा, नाहीतर व्हॉल्व्ह वेगळा घेऊन नळीत बसवा, हवा बादलीकडे जाईल अशा दिशेने. काम झालं की सेल काढा. आत राहिले तर गळतात आणि पत्र्या खातात.

पुण्या-मुंबईपर्यंत न्यायचे असतील तर मात्र ऑक्सिजनची पिशवीच: एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. काटेवाल्या कॅटफिशला पिशवीत पिशवी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पंप हा वायू उडवून लावतो, पीएच चढाच राहतो आणि तोच अमोनिया कल्ल्यांना बाधतो. पिशवी उघडल्यावरही हेच होतं, तेव्हा उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब टाकीचं पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग मासे जाळीने टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.

हे जमायला टाकीतलं पाणी ओळखीचं हवं. नव्या सोसायटीत बोअर असेल तर जुनं पाणी कॅन भरून न्या, निम्मी टाकी त्यानेच भरा. बडोद्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं. उरलेली टाकी पहाटे भरून क्लोरीन मारणारे थेंब टाका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. तो माशांच्याच बादलीत सोडा, पंपाची हवा त्यातल्या जिवाणूंनाही लागते.